उभ्या खुंट्या

४ फेब्रुवारी

ही वही सुनेने दिली. म्हणाली, रोज जे वाटेल ते लिहा, मी वाचणार नाही. मी विचारलं, वाचणार नाहीस तर लिहायचं कशाला? तर म्हणे, लिहिलं की आठवतं, आणि आठवलेलं तुम्ही मला सांगू शकता. बरं, लिहिते.

तिचं काम काय चाललंय ते आधी मांडते, म्हणजे मलाही नीट कळेल. गेल्या वर्षी तिने ऑफिसातून लांबलचक रजा घेतली आणि घरात बसून पटावरचा एक खेळ रचायला घेतला. पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत. जुन्या काळच्या कारखानदारांचा खेळ आहे. कुणी कोळशाची खाण काढायची, कुणी सूतगिरणी, कुणी भट्टी. माल शहरात पोचवायचा. अर्धा खेळ कालव्यांनी, अर्धा रेल्वेने. मागच्या खेपेला खेळ छापणाऱ्यांनी तो परत पाठवला. त्यांचं म्हणणं, मध्यंतरालाच निकाल कळतो. जो पुढे तोच शेवटपर्यंत पुढे, मग उरलेला दीड तास बाकीच्यांनी काय करायचं? बरोबर आहे त्यांचं. पंधरा मार्चपर्यंत ऑफिसने तिची खुर्ची रिकामी ठेवली आहे. तोवर खेळ पास झाला तर ठीक, नाहीतर सोळा तारखेला डबा घेऊन पुन्हा ऑफिसात. खेळ कपाटात.

आता आंधळी चाचणी करायची आहे. म्हणजे खेळ कधीच न पाहिलेल्या माणसांनी नुसतं नियमांचं पुस्तक वाचून खेळायचं. रचणारीने समोर बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. चुकलं तरी नाही. मला हे फार आवडलं.

मी सूतगिरणीत चौतीस वर्षं तपासनीस होते. धागा चिमटीतून सोडला की गाठ कुठे आहे ते कळतं, बघावं लागत नाही. गिरणी चौदा महिन्यांपूर्वी बंद झाली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मुलगा बोटीवर असतो, वर्षातले आठ महिने. घरात आम्ही दोघी. भांडत नाही. भांडायला आधी बोलावं लागतं.

६ फेब्रुवारी

पहिली बैठक. मी, माझी धाकटी बहीण आणि तळमजल्यावरचे शिंपीदादा. पुस्तक मी मोठ्याने वाचलं. बेचाळीस पानं. धाकटी तिसऱ्या पानावर म्हणाली, "ताई, खेळायचंय की परीक्षेला बसायचंय?" सून कोपऱ्यात स्टुलावर मिठाची गुळणी धरून बसलेली. पेन्सिल चावत होती.

दोन तासांत दहा चाली झाल्या. पण मजा आली, खोटं कशाला बोलू. एक युक्ती मला विशेष वाटली. गिरणी मांडली की तिच्यावर दोन कामगार ठेवायचे. कामगार म्हणजे लाकडाच्या बोटभर खुंट्या, बिनरंगाच्या. गिरण्या आपापल्या रंगाच्या, पण खुंट्या सगळ्यांना सारख्याच. डब्यातून एकेक नाणं टाकून घ्यायच्या. नवी खुंटी पहिल्या फेरीला आडवी ठेवायची, कारण ती शिकाऊ आहे. पुढच्या फेरीला उभी करायची, मग गिरणी चालते. मी सुनेला विचारलं, हे कुणी सांगितलं तुला, शिकायला वेळ लागतो ते? तिने ओठांवर बोट ठेवलं. विसरलेच होते.

शिंपीदादांनी भट्ट्याच भट्ट्या मांडल्या आणि कोळसा विसरले. धाकटीने नाणी दोनदा मोजून घेतली आणि दोन्ही वेळा तिच्याकडे एक जास्त निघालं. लहानपणापासूनच तिचा हिशेब असा आहे.

७ फेब्रुवारी

पुस्तकात एकोणीस चुका काढल्या आणि कागदावर लिहून तिच्या टेबलावर ठेवल्या. तिने वाचल्या. चेहरा पडला. मग म्हणाली, "सातवी चूक नाहीये, आई." मी म्हटलं, "मग नीट लिहायला हवं होतं." ती म्हणाली, "हं." संध्याकाळी सातव्या चुकीचं वाक्य बदललेलं दिसलं.

मी जास्त बोलले का? मालात दोष असेल तर दोष म्हणायचं, एवढंच मला येतं. गोड बोलून धागा पक्का होत नाही. तरी वाईट वाटलं.

११ फेब्रुवारी

दुसरी बैठक, आणि या वेळी मध्यंतर ओलांडलं. काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण सून माझ्यावर रागावली आहे असं वाटतं.

मध्यंतराला माझी स्थिती अगदी वाईट होती. धाकटीच्या सहा गिरण्या, दादांच्या चार, माझ्या तीन. मग चौदावा नियम आला. "कालव्यांचा काळ संपला. पहिल्या पायरीच्या सर्व गिरण्या व सर्व कालवे पटावरून उचला." पहिली पायरी म्हणजे आत्तापर्यंत मांडलेल्या सगळ्या; यंत्रं जुनी झाली, रेल्वे आली, हे पटण्यासारखं आहे. आम्ही उचलल्या. धाकटीने आपल्या गिरण्या उचलल्या आणि त्यांच्यावरच्या खुंट्या खळखळ डब्यात टाकायला लागली.

मी म्हटलं, "थांब. खुंट्या उचला असं कुठे लिहिलंय?"

"अगं, गिरणीच नाही तर खुंट्या कशाला?"

"पुस्तकात गिरण्या आणि कालवे एवढंच आहे. वाच."

शिंपीदादांनी चष्मा लावून वाचलं. "ताई म्हणतात ते खरं आहे. खुंट्यांचं नाव नाही."

मग आम्ही सगळ्या खुंट्या जिथल्या तिथे, त्या त्या नगरात उभ्या ठेवल्या. पट विचित्र दिसायला लागला. गिरण्या नाहीत, कालवे नाहीत, नुसती माणसं उभी.

पुढच्या चालीत मी धाकटीच्या नगरात रेल्वे नेली आणि नवी गिरणी मांडली. तिथेच उभ्या असलेल्या दोन खुंट्या त्यावर ठेवल्या. आडव्या केल्या नाहीत. त्यांना काम येतंच होतं. गिरणी लगेच सुरू.

धाकटी उसळली. "ती माझी माणसं आहेत."

मी म्हटलं, "गिरणी तुझी होती. माणसं तुझी नव्हेत."

पाच चालींत मी तिला गाठलं, आणि शेवटी दोन गुणांनी जिंकले. धाकटी म्हणाली पुढच्या वेळी येणार नाही, म्हणजे नक्की येणार. पण सून मात्र, मी पहिल्या दोन खुंट्या ठेवल्या तेव्हाच ताडकन उठली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ सोडलेला होता. परत आली तेव्हा डोळे लाल. डाव संपल्यावरही आपल्या वहीत भराभरा लिहीत बसली.

तिने वर्षभर खपून रचलेला खेळ मी माझ्या पद्धतीने वळवला. तिला सांगायला हवं का, की मी मुद्दाम केलं नाही?

१२ फेब्रुवारी

तिनेच विचारलं, चहा घेताना. "आई, काल खुंट्या का ठेवल्यात?"

"पुस्तकात उचला असं नव्हतं."

"आत्तापर्यंत माझ्या मैत्रिणींनी चार वेळा खेळून पाहिलं. प्रत्येकीने डब्यात टाकल्या. कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. मलासुद्धा नाही. मी लिहायला विसरले ते मला कालच कळलं."

"मग ही वीस नंबरची चूक धर."

"ते नाही. तुम्हाला का वाटलं, की त्या तिथेच असतील?"

हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, "जातील कुठे? गिरणी बंद झाली म्हणून त्यांचं घर हललं का? भाडं त्याच गल्लीत, पोरं त्याच शाळेत. हात शिकलेले तसेच आहेत. ज्याला गरज आहे त्याने यावं आणि घेऊन जावं."

ती कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. चहा थंड झाला असेल. मग म्हणाली, "आणि कुणीच आलं नाही तर?"

"तर उभ्या राहतील." एवढं म्हणून मी कप धुवायला गेले. दोन होते, पण बराच वेळ लागला.

२० फेब्रुवारी

मधल्या दिवसांत तीन डाव झाले. मी आता सकाळी साडेसातलाच वेणीफणी करून तयार असते, कारण दहाला बसायचं असतं.

गंमत अशी, की तिन्ही वेळा मध्यंतराला कोण जिंकणार ते सांगता आलं नाही. जो पुढे, त्याच्या गिरण्या जास्त. म्हणून त्याच्या नगरांत मागे राहिलेल्या खुंट्या जास्त. म्हणून मागच्याला तिथे जाऊन पटकन उभं राहता येतं. एकदा शिंपीदादा जिंकले. ते इतके खूश झाले की धाकटीच्या जुन्या कोटाचं अस्तर फुकट बदलून देतो म्हणाले. धाकटीला ते पैसे देऊनही मिळालं नव्हतं.

मला रोज नवे प्रश्न पडतात. नवी खुंटी स्वस्त की शिकलेली? रेल्वे आधी की गिरणी आधी? ज्या नगरात कुणीच रेल्वे नेत नाही तिथल्या खुंट्यांचं काय? खेळ संपेपर्यंत तशाच. मी सुनेला म्हटलं, त्यांना दुसऱ्या नगरात चालत जाता यावं. तिने टिपून घेतलं. मग म्हणाली, "चालत गेल्या तर नव्या जागी पुन्हा आडव्या ठेवायच्या का?" आम्ही दोघी यावर तासभर बोललो. शेवटी ठरलं, आडव्या ठेवायच्या नाहीत, पण चालायला एक फेरी लागेल.

मुलाचा फोन आला बोटीवरून. म्हणाला, "आई, तुम्ही दोघी बोलताय म्हणे." त्याला कुणी सांगितलं? म्हणाला, "ती म्हणाली होती, मैत्रिणींचा गट तयार आहे, पण तिला चाचणीला तूच हवी आहेस." मैत्रिणी काही कामाच्या नसणार, त्यांनी खुंट्या डब्यात टाकल्या होत्या.

२ मार्च

सून नवा खेळ घेऊन छापणाऱ्यांकडे गेली होती. चार तासांनी परत आली. चपला न काढता खुर्चीवर बसली.

खेळवाल्या साहेबांना खेळ आवडला. अगदी मनापासून. छापायचा आहे. फक्त उभ्या खुंट्यांचा नियम काढायचा. त्यांचं म्हणणं, लोक खेळायला बसतात ते मन रमवायला. पटावर बेकार माणसं उभी ठेवली की खेळणाऱ्याला चुटपुट लागते, शेवटी काही खुंट्या तशाच उरल्या की डाव संपल्यासारखा वाटत नाही. शिवाय खुंट्या जास्त लागतात, डबा मोठा करावा लागतो. त्यापेक्षा मागे पडलेल्याला मध्यंतराला दोन फुकट चालींचं पत्त्याचं पान द्यायचं. परिणाम तोच. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवा.

मी म्हटलं, "मग कळव हो म्हणून."

ती म्हणाली, "बघते."

बघते काय? पंधरा तारीख तोंडावर आली. वर्षभराचं काम पदरात पडतंय आणि ही चार लाकडांसाठी अडून बसली आहे. मला कळतंय का अडली आहे. तो नियम माझ्यापायी आला. सासूला वाईट वाटेल म्हणून हिच्या तोंडून हो निघत नाही. असलं ओझं मला नको. उद्या स्वतः जाऊन त्या साहेबांना सांगते, की नियम काढा, मी काही रागावणार नाही.

३ मार्च

गेले होते. सुनेला सांगितलं भाजी आणायला जाते.

खेळांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली आहे. भिंतभर खेळांचे डबे, मधे एक मोठं टेबल. साहेब माझ्यापेक्षा थोडे लहान असतील. चष्मा कपाळावर आणि दुसरा शोधत होते. मी सांगितलं, मी तिची सासू, चाचणीवाली.

"म्हणजे त्या खुंट्या तुमच्या."

"खुंट्या खेळाच्या. नियम काढून टाका एवढं सांगायला आले. तिला माझी भीड पडली आहे."

ते म्हणाले, "असं करू, एक डाव खेळू. माझ्या पद्धतीने. तुम्ही तपासनीस होतात म्हणे, मग तपासून सांगा खेळ चांगला होतो की नाही."

हे रास्त होतं. आम्ही बसलो. ते झपाझप खेळतात. मध्यंतर आलं. त्यांनी गिरण्या उचलल्या, खुंट्या डब्यात टाकल्या, दोन फुकट चालींचं पान माझ्यापुढे सरकवलं. मी माझ्या चार गिरण्या उचलल्या. चारही एकाच नगरात होत्या, म्हणून आठ खुंट्या. त्या मुठीत घेतल्या. हात डब्यापर्यंत नेला. आणि हात उघडेना.

मी स्वतःला म्हटलं, काय वेडेपणा हा. लाकडं आहेत. याचसाठी आली आहेस ना? तरी उघडेना. साहेब थांबून राहिले. घाई केली असती तर बरं झालं असतं.

मग मी त्यांना सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, या वहीतही लिहिलं नव्हतं. आम्ही एकशे बारा जण होतो. सकाळी दहाला यंत्रं थांबवली, सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं आणि सांगितलं, गिरणी बंद. आता जा. आम्ही गेलो नाही. घोषणा नाही, दगड नाही, काही नाही. फाटकाबाहेर नुसते उभे राहिलो. संध्याकाळी पाचला पाळी सुटते, म्हणून पाचला घरी गेलो. तोवर कुणी आलं नाही आणि कुणी काही विचारलं नाही. डबे तिथेच उभ्याने खाल्ले. मी म्हटलं, साहेब, मला एवढंच कळत नाही, तुमच्या पुस्तकात उचला म्हटलं की माणसं कुठे जातात.

मला रडू आलं. परक्या माणसासमोर, लाकडाच्या आठ खुंट्या हातात घेऊन. लाज वाटली. चौदा महिन्यांत एकदाही आलं नव्हतं.

साहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "ठेवा पटावर." मी ठेवल्या. पुढच्या चालीला त्यांनी त्याच नगरात गिरणी मांडली आणि माझ्या दोन खुंट्या घेतल्या. पुढच्या चालीला आणखी एक गिरणी. मग आणखी एक. मग चौथी. आठही खुंट्या कामाला लावल्या. मी त्यांना सांगितलं, इथे रेल्वे नाही, माल जाणार कुठून? म्हणाले, "असू दे." मी सव्वीस गुणांनी जिंकले. इतकं कच्चं खेळणारा माणूस खेळांचा धंदा कसा चालवतो कोण जाणे.

निघताना म्हणाले, "तुम्ही खुंट्या ठेवल्यात कारण तुम्ही तुम्ही आहात. बाकीचे काय करतील ते मला बघायचंय. खेळ कधीच न पाहिलेली सोळा माणसं, चार टेबलं, आणि चौदाव्या नियमात खुंट्यांचं नाव नसलेलं जुनंच पुस्तक. अकरा तारखेला सकाळी दहाला. मी स्वतः येतो, बोलणार नाही. तुमच्या सुनेला फोन करून सांगतो."

"मी आले होते ते सांगू नका."

"कोण आलं होतं?" असं म्हणून ते पुन्हा चष्मा शोधायला लागले.

४ मार्च

सुनेला फोन आला. ती आधी उजळली, मग मटकन बसली. "अकरा तारीख म्हणजे बुधवार. कामाचा दिवस, सकाळी दहा. सोळा माणसं मी कुठून आणू? सगळे ऑफिसात असतात."

मी भाजी निवडत होते. हात थांबला. म्हटलं, "मला माहीत आहेत थोडी. सकाळी मोकळी असणारी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "काल भाजी आणायला एवढा वेळ लागला?"

"ताजी मिळेना."

"मग आज जी निवडताय ती?"

"आज मिळाली."

"हं," म्हणाली, आणि माझ्यासमोर बसून निवडू लागली. तिला देठ काढता येत नाहीत, अर्धी भाजी वाया घालवते. आज मी बोलले नाही.

५ मार्च

फोन हातात घेऊन तासभर बसले. चौदा महिन्यांत मी गिरणीतल्या एकालाही फोन केला नाही. त्यांनीही मला नाही. काय विचारायचं, काय चाललंय? उत्तर दोघांनाही माहीत.

सगळ्यात आधी मुकादमबाईंना लावला. सूत काढायच्या साच्यांवरच्या चाळीस बायका त्यांच्या हाताखाली असत, आवाज यंत्रांच्या वर. पहिल्याच घंटीला उचलला.

"तपासनीसबाई?"

"हो. एक काम होतं. बुधवारी."

"किती वाजता?"

काय काम, कुठे, किती वेळ, काही विचारलं नाही. मी दहा म्हटलं. त्या म्हणाल्या, "येते. आणखी कोण हवंय?" स्वतःला धरून बाराजण त्यांनीच जमवले. उरलेले चार शिंपीदादांच्या ओळखीचे, गिरणीशी संबंध नसलेले. दादांनी दुकानातली कापड कापायची चारही टेबलं बुधवारपुरती रिकामी करून द्यायचं कबूल केलं. धाकटी म्हणाली, मी चहाचं बघते, मला नाहीतरी खेळू देणार नाही तुम्ही.

एक शंका मनाला खाते आहे. चारांतली तीन टेबलं गिरणीतलीच असतील तर ही चाचणी खरी म्हणायची का? एकाच गठ्ठ्यातला धागा तपासून सगळा माल पास करण्यासारखं झालं. साहेबांना हे सांगायला हवं. सांगितलं तर खेळ जाऊ शकतो. नाही सांगितलं तर मी चौतीस वर्षं काय केलं?

११ मार्च

आज पावणेदहाला दुकानाबाहेर बघते तर बाराजण भिंतीला टेकून ओळीने उभे. कुणी सांगितलं नव्हतं. मुकादमबाई सगळ्यात पुढे, केस पूर्ण पांढरे झालेत. मी जवळ गेले आणि आम्ही दोघींनी एकमेकींचे हात धरले. मग मी म्हटलं, आत चला, टेबलं लावली आहेत.

साहेब आल्या आल्या मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, ही तीन टेबलं आमच्या गिरणीतली आहेत, चौथं नाही. नमुना एकतर्फी आहे. सून मागे उभी होती, तिने ऐकलं. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं दिसत होतं. साहेब म्हणाले, "मला कल्पना होती. चौथं टेबल मी बघतो." आणि जाऊन त्याच्या मागे हाताची घडी घालून उभे राहिले. सून दाराशी. मी दोघांच्या मधे. तिघंही मुके.

वाचायला वेळ लागला. मग हळूहळू आवाज चढला. आडव्या खुंट्या उभ्या करताना मुकादमबाई म्हणाल्या, "चला, शिकली एकदाची," आणि त्यांचं टेबल हसलं. तिसऱ्या टेबलावर कोळशावरून भांडण झालं आणि मिटलं.

साडेअकराच्या सुमाराला मध्यंतर आलं. गिरणीची तीन टेबलं. चौदावा नियम वाचला. गिरण्या उचलल्या. कालवे उचलले. खुंट्यांना कुणी हात लावला नाही. चर्चासुद्धा झाली नाही. तीन पटांवर माणसं तेवढी उभी राहिली. मी मान खाली घातली.

चौथ्या टेबलावर एका तरुण बाईने खुंट्या गोळा केल्या आणि डब्यात टाकल्या. मी बघत होते. तिथेच निकाल लागला, असं वाटलं. मग तिच्या शेजारच्या पाववाल्याने विचारलं, "यांचं काय करायचं ते लिहिलंय का?" त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं. नव्हतं. त्या बाईने वर साहेबांकडे पाहिलं. साहेब गप्प. तिने सुनेकडे पाहिलं. सूनही गप्प. मग ती वळून बाजूच्या टेबलाकडे बघत राहिली. तिथे मुकादमबाईंनी एका उजाड नगरात गिरणी मांडली होती आणि तिथल्याच खुंट्या एकेक करून तीवर चढवत होत्या, पदराने पुसून. त्या बाईने डब्यात हात घातला आणि खुंट्या परत काढल्या. कुठल्या नगरात किती होत्या ते आता कुणाला आठवेना. तेव्हा ते चौघं एकमेकांना विचारून, आठवून आठवून, प्रत्येकीला तिच्या जागी उभं करायला लागले. त्यात पंधरा मिनिटं गेली. एकालाही कंटाळा आला नाही.

साहेब तिथून हलले आणि आमच्याकडे आले. अगदी हळू आवाजात सुनेला म्हणाले, "इतकी वर्षं मी मध्यंतराला लोकांना आपापले गुण मोजताना बघत आलोय. आज पहिल्यांदा त्यांना पटाकडे बघताना पाहिलं. खुंट्यांचा नियम पुस्तकात घाला. डबा मोठा करू."

सुनेने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की आत्ता लिहितानाही तिच्या बोटांची खूण दिसते आहे. पापण्या ओल्या, ओठ मिटलेले. मी कुजबुजले, "बोल की आता काहीतरी. पास झाला तुझा खेळ. ऑफिसला फोन करून टाक."

तिने मान हलवून नाही म्हटलं आणि टेबलांकडे बोट दाखवलं. डाव संपेपर्यंत तिला बोलायची परवानगी नव्हती, आणि अजून दोन नगरांतल्या खुंट्या कामाला लागायच्या होत्या.